बारा वाजून एकतीस मिनिटांची सावली

हेवा हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता. कारखान्यात माझ्यानंतर लागलेला एक जण माझ्याआधी वरच्या पदावर गेला, तेव्हा मला जे वाटलं त्याला मी अन्याय म्हणत असे. ओळखीतल्या एकाचा फ्लॅट माझ्यापेक्षा ऐसपैस निघाला, तेव्हा जे वाटलं त्याला मी व्यवहार म्हणत असे. पण साठी उलटल्यावर मला माझ्याच बायकोचा हेवा वाटायला लागला आणि त्याला दुसरं कुठलंच नाव सापडेना.

खडकीच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं काढली. काम तपासनिसाचं. यंत्रावरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, गेजमध्ये घालायचा. बसला तर पास, अडला तर नापास. मधलं काही नाही. ही सवय माझ्याबरोबर घरीही आली. पोळी गोल नाही असं मी कधी बोललो नाही, फक्त ताटात एकदा फिरवून बघायचो. तेवढ्याने तिला कळायचं.

ती हिंजवडीच्या बाजूच्या एका गावातली, शेतकऱ्याची मुलगी. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि कंपन्यांच्या बसगाड्यांमुळे गावात शिरायलाच तास लागतो. आमचं लग्न झालं तेव्हा तिथे एसटी दिवसातून दोनदा यायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. लग्नानंतर क्वार्टरमध्ये राहायला आली तेव्हा ती बोलताना 'हाय' म्हणायची. मी दर वेळी, अजिबात न रागावता, 'आहे' म्हणायचो. दोन-तीन वर्षांत ते गेलं. मला तेव्हा ती सुधारणा वाटली होती.

आणि ती मला विचारायची. सगळं विचारायची. अहो, विमान मागे पांढरी रेघ कशाची सोडतं? अहो, समुद्राचं पाणी खारट का? अहो, आपण चाललो की चंद्र आपल्याबरोबर का चालतो? मी उत्तर द्यायचो. माहीत असेल तर लगेच द्यायचो, माहीत नसेल तर जरा सावकाश द्यायचो, एवढाच फरक. कारखान्यात साहेब मला विचारत नसत, सांगत असत. मुलगा मोठा होऊन बंगळुरूला गेला, तो फोनवर विचारायचा ते तब्येतीपुरतं. मला काही विचारणारं माणूस जगात एकच होतं आणि त्या एका माणसाच्या जिवावर मी स्वतःला जाणकार समजत होतो. हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. विचारणं थांबलं तेव्हा कळलं.

थांबलं ते वाचनालयामुळे. बाजारामागच्या गल्लीत, निवृत्तीनंतर आम्ही घर घेतलं त्या इमारतीपासून पाच मिनिटांवर, एक सार्वजनिक वाचनालय आहे. सभासद मी, पण पुस्तक बदलून आणायचं काम तिचं. मी चिठ्ठी लिहून द्यायचो. पाच पुस्तकांची नावं, पसंतीच्या क्रमाने. पहिलं नसेल तर दुसरं, दुसरं नसेल तर तिसरं. ती चिठ्ठी आणि जुनं पुस्तक पिशवीत घालून जायची आणि अर्ध्या तासात परत यायची. तिथल्या ग्रंथपालबाई मला अक्षरावरून ओळखत, तोंडावरून नाही.

एका रविवारी ती दोन तासांनी आली. साडीवर पांढरी भुकटी, हात कोपरापर्यंत गेरूने लाल. मला वाटलं, पडली कुठे. ती म्हणाली, पडले नाही, चंद्रावर खड्डे पाडत होते. वाचनालयाने रविवारी सकाळी अवकाशाचे प्रयोग सुरू केले होते. कोणीही यावं आणि स्वतःच्या हाताने करून बघावं. परातीत रांगोळी पसरायची, वर गेरूचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर सुपाऱ्या सोडायच्या. जितक्या उंचावरून सोडावी तितका खड्डा मोठा, आणि खालची पांढरी रांगोळी उडून चहूबाजूंना तिच्या रेघा उमटतात. पौर्णिमेच्या चंद्रावर दिसतात त्या रेघा अशाच पडलेल्या असतात. हे सगळं तिने मला सांगितलं, मी विचारलेलं नसताना. मी विचारलं ते एवढंच की पुस्तक कुठे आहे.

पुस्तक बदलायचं राहिलं होतं. जुनंच परत आलं होतं, चिठ्ठीसकट. त्या दिवशी मला नुसता राग आला. हेवा पुढच्या रविवारी आला.

प्रयोग घ्यायला एक तरुण मुलगी यायची. आठवडाभर हिंजवडीत संगणकावरची नोकरी आणि रविवारी सकाळी इथे. खडकीतल्या जुन्या मुसलमान कुटुंबातली. बाजारात वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, तेही आजोबांपासूनचं. माझं मनगटी घड्याळ दोनदा त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि पुन्हा कधी मिनिटभरही मागे पडलं नव्हतं. त्यामुळे त्या घराबद्दल मला आदर होता, मुलगी माझ्या आड येईपर्यंत.

दुसऱ्या रविवारी सूर्यमाला मांडायची होती. मुलीने त्यासाठी चेंडू आणि मणी आणले होते, पण ते मापात बसेनात. तेव्हा माझी बायको तडक घरी आली आणि फळीवरचे चार डबे पिशवीत घालून गेली. मला वाटलं, शेजारणीला काही हवं असेल. दुपारी मला कळलं की सूर्य म्हणजे सोललेला नारळ, पृथ्वी म्हणजे खसखशीचा एक दाणा, आणि तो ठेवायचा नारळापासून पंधरा पावलांवर. गुरू हरभऱ्याएवढा, शनी वाटाण्याएवढा. नेपच्यून ज्वारीचा दाणा, आणि तो ठेवायला सगळ्यांना गल्ली ओलांडून पार बाजारातल्या पिठाच्या गिरणीपर्यंत जावं लागलं. गिरणीवाल्याने विचारलं, काकू, एकच दाणा दळायचाय का? हे सांगताना ती इतकी हसली की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. चाळीस वर्षांत माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसल्याचं मला आठवेना.

मी कपाटातून माझं व्हर्निअर काढलं आणि हरभरा मोजला. साडेआठ मिलिमीटर. नारळ दहा सेंटिमीटरचा धरला तर गुरू दहा मिलिमीटरचा हवा. मी तिला ते अगदी शांतपणे सांगितलं, कारखान्यात नापास भाग बाजूला ठेवताना सांगायचो तसं. ती म्हणाली, "मग काबुली घेते," आणि भाजीला फोडणी द्यायला लागली. ती आत गेल्यावर मी एक काबुली चणा मोजून बघितला. बरोबर दहा भरला. मी तो गुपचूप डब्यात टाकला.

महिन्या-दोन महिन्यांत तिचं तिथे प्रस्थ झालं. फळ्यावर खडूने पुढच्या रविवारचा प्रयोग लिहिलेला असायचा आणि खाली 'साहित्य: काकू'. डोळे मिटून हातमोजे घालून नट-बोल्ट लावायचा प्रयोग झाला; अवकाशात काम करणाऱ्यांना तसंच करावं लागतं म्हणे. त्यात ही पहिली आली. नट-बोल्ट! चौतीस वर्षं ज्याच्या हातात नट-बोल्ट होते तो घरी पेपर वाचत बसला होता. बाजारात ज्या दुकानदारांना मी वर्षानुवर्षं ओळखतो त्यांच्यातल्या एकाने मला सुट्टे परत देताना विचारलं, "अवकाशवाल्या काकूंचे मिस्टर ना तुम्ही?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी हो म्हणालो आणि त्याच्याकडून साबण घेणं बंद केलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तिने मला विचारणं सोडलं होतं. विमान जायचं, रेघ उमटायची, ती वर बघायची आणि गप्प राहायची. एकदा मला तिच्या पिशवीत मुलाच्या शाळेतली एक जुनी अर्धी कोरी वही सापडली. त्यात तिने तिच्या मोठ्या, सुट्या अक्षरात प्रश्न लिहिले होते आणि वर शीर्षक: रविवारी विचारायचे. चंद्राची एकच बाजू का दिसते. तारे लुकलुकतात आणि गुरू का नाही लुकलुकत. अकरा प्रश्न होते. त्यांतल्या चारांची उत्तरं मला नक्की येत होती आणि दोहोंची देता आली असती. त्या संध्याकाळी मी गॅलरीत बसलो आणि ती मटार सोलत होती. मी मुद्दाम म्हणालो, चंद्र काय स्वच्छ दिसतोय आज. ती म्हणाली, "हो, अष्टमी आहे," आणि शेंगा सोलत राहिली. मी अर्धा तास तिथे बसून होतो. तिने एक प्रश्न विचारला असता तर माझं समाधान झालं असतं, पण मागून घ्यायला मला लाज वाटत होती.

एका रविवारी मी सहज म्हणून त्या गल्लीतून गेलो. सहज कसला, बघायला गेलो. खिडकीतून तिचा आवाज आला. ती मुलांना आणि दहा-पंधरा मोठ्या माणसांना सांगत होती की लहानपणी रानात घड्याळ नसायचं. बांधावरच्या काठीची सावली बघायची, ती पायात आली की डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन निघायचं. "अजून बी मला सावलीवरनं वेळ सांगता येते, असं हाय ते," ती म्हणाली. ते 'हाय' मी इतक्या वर्षांनी ऐकलं. तिथे ते कोणी दुरुस्त केलं नाही. उलट त्या मुलीने विचारलं, काकू, म्हणजे किती वाजता? आणि सगळे उत्तराची वाट बघत थांबले. मला ही काठीची गोष्ट माहीत नव्हती. तिने मला कधी सांगितली नव्हती. मी कधी विचारली नव्हती, हेही खरं.

मग मे महिना आला आणि शून्य सावलीचा दिवस आला. पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, इतका बरोबर की सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते, बाहेर दिसत नाही. दुसऱ्यांदा येतो तो जुलैच्या शेवटी, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून खरा दिवस मे महिन्यातलाच. वाचनालयाने सूचना लावली होती: अंगणात जमावे, वेळ दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटे. बायकोने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केला. ती म्हणायची, रानात सावली पायात आलेली रोज बघितली, पण पुरती गेलेली कधी बघितली नाही. तेव्हा डोक्यावर पाटी असायची, खाली बघायला फुरसत कुणाला. तिला ती एकदा बघायची होती. तीन आठवडे ती दिवस मोजत होती. आणि शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "तुम्ही पण या. एवढं एक बघायला या."

मी विचारलं, बारा एकतीस का? सूर्य डोक्यावर येतो तो बाराला. ती म्हणाली, मुलगी सांगते की घड्याळ सगळ्या देशाचं एक आहे, पण सूर्य प्रत्येक गावावर आपापल्या वेळेला येतो. मी हसलो. म्हटलं, बाप घड्याळं दुरुस्त करतो आणि मुलगी सूर्याला अर्धा तास उशीर लावते. चौतीस वर्षं मी बाराच्या भोंग्याला जेवायला बाहेर पडलो. भोंगा झाला की मध्यान्ह, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. त्या वेळी मी आकाशाकडे एकदाही बघितलं नव्हतं, डब्याकडे बघत होतो, पण हे आता सुचतंय. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की चालून संधी आली आहे. ती मुलगी चुकली आहे, आणि ते मी चारचौघांत दाखवणार आहे.

भोसरीत एका जुन्या सहकाऱ्याचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे जाऊन मी लेथवर एक पोलादी दंडगोल करून घेतला. वीस सेंटिमीटर उंच, दोन किलो वजनाचा, दोन्ही तोंडं घासून सपाट केलेली. तो टेबलावर उभा केला की काटकोनाचा गुण्या लावून बघा, केसभर फट दिसायची नाही. निवृत्तीनंतर इतक्या मनापासून मी काही केलं नव्हतं. बायकोला वाटलं, मी तिच्यासाठी केला. तिने तो हातात घेतला, जड आहे म्हणाली, आणि पदराने पुसला.

त्या दिवशी कामाचा वार होता. मुलीने रजा घेतली होती. मी पावणेबारालाच गेलो. अंगणात शहाबादी फरशीवर तीस-चाळीस माणसं होती: सुट्टी लागलेली मुलं, रोज पेपर वाचायला येणारे म्हातारे, बाजारातल्या दोन-तीन बायका. कोणी बाटल्या आणल्या होत्या, कोणी मेणबत्त्या, माझ्या बायकोने लाटणं आणलं होतं आणि ते उभं राहत नव्हतं. मी फरशीवर स्पिरिट लेव्हल ठेवली, खाली कागदाच्या घड्या सरकवून जागा सपाट केली आणि दंडगोल उभा केला. सगळे भोवती जमले. ती मुलगी गुडघ्यांवर बसून बघत म्हणाली, "काका, हे एकदम परफेक्ट आहे. सगळ्यांनी आता इथेच बघू या." आणि बायकोने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतलं. मला वाटलं, आलं, परत आलं.

मी तिथे गप्प राहिलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बाराचा भोंगा झाला. दंडगोलाची सावली अंगठ्याच्या पेरापेक्षा लांब होती, पश्चिमेकडे पडलेली. मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "बारा वाजले. सावली आहे. प्रयोग नापास."

मुलगी म्हणाली की काका, अजून एकतीस मिनिटं आहेत. मी म्हणालो, बारा म्हणजे बारा. किती ते वडिलांना विचारून या, त्यांना माहीत असेल. दोन-चार मुलं हसली. मुलीचा चेहरा उतरला. बोलली ती माझी बायको. ती खाली वाकून फरशीकडे बघत होती.

"थांबा की थोडं," ती म्हणाली. "सरकतीये बघा."

सरकत होती. मला दिसत होतं. मी दंडगोल ठेवला तेव्हा सावली फरशीच्या सांध्यापर्यंत होती आणि आता सांध्याच्या चांगली आत आली होती. मोजमापात ज्याचा जन्म गेला त्याला हे कळत नाही असं कसं होईल. पण ते मला तिच्याकडून, त्या चाळीस माणसांसमोर, त्या आवाजात ऐकायचं नव्हतं. मी म्हणालो, माझी जेवायची वेळ झाली, आणि निघालो. फाटकापाशी मागे वळून बघितलं. ती माझ्यामागे येत नव्हती.

घरी कोणी नव्हतं. मी पाणी प्यायलो, पेपर उघडला, मिटला. घड्याळात सव्वाबारा झाले. मग मी दाराला कडी न लावता, नुसतं लॅच ओढून, गच्चीवर गेलो. कशाला, ते स्वतःला सांगितलं नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक लोखंडी पाइप सरळ उभा आहे. त्याची सावली तळहाताएवढी होती. मी टाकीच्या कठड्यावर बसलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. ती आखूड होत गेली. घाईने नाही, पण थांबतही नव्हती. बारा सत्तावीसला बोटभर राहिली. एकोणतीसला नखाएवढी. मग पाइपाच्या बुडाशी एक काळी कड राहिली आणि नंतर तीही नव्हती.

मी घड्याळ बघितलं. एकतीस. उठून उभा राहिलो तर माझ्याभोवती माझी सावली नव्हती, फक्त चपलांच्या मध्ये जरा काळपट. वाळत घालायच्या तारेची रेघ बरोबर तारेच्या खाली. टाकीच्या चारही भिंतींवर सारखंच ऊन. सगळ्या वस्तू तिथे होत्या आणि तरी कुणीतरी नुकत्याच आणून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. त्या दोन-तीन मिनिटांत मला कोणाचा हेवा वाटला नाही. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मग पाइपाच्या दुसऱ्या बाजूला सावलीचं टोक निघालं आणि माझा स्वभाव परत आला. मी ठरवलं की हे कोणाला सांगायचं नाही. तिने येऊन सांगितलं की मी आश्चर्य दाखवणार नाही, एवढंच. खाली येऊन मी खुर्चीत बसलो आणि पुस्तक उघडलं.

ती एकच्या सुमारास आली. दंडगोल पिशवीत घालून आणला होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि हाताला पडलेला वळ चोळला. मी पुस्तकातून मान वर न करता विचारलं, गेली का तुमची सावली?

"गेली म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणतात म्हणजे? तू होतीस ना तिथे?"

ती आधी पाणी प्यायली. मग सांगितलं, रागावून नाही, बाजारात काय झालं ते सांगावं तसं. मी गेल्यावर ती पंधरा मिनिटं सावलीपाशीच बसली होती. पण तिला राहवेना. सगळे ह्यांच्या दंडगोलावर बघणार आणि हेच नाहीत, हे काही तिला बरं वाटेना. वेळ आहे, जाऊन घेऊन येते, असं मुलीला सांगून ती घरी आली. गुडघे दुखतात तरी दोन मजले चढली. बेल वाजवली. चार वेळा वाजवली. किल्ली माझ्याकडे होती. तिला वाटलं, रागावून आत बसलेत, दार उघडायचं नाहीये. थोडा वेळ दाराशी उभी राहिली आणि मग परत गेली.

"निघाले तेव्हा पश्चिमेला होती," ती म्हणाली. "पोचले तेव्हा पूर्वेला निघाली होती. मधली तेवढी राहिली. तेव्हा मी रस्त्यात होते. पायाकडे बघायचं पण सुचलं नाही."

झोप लागली होती, असं मला म्हणता आलं असतं. तिने ते मानलं असतं, आजवर माझं सगळं मानलं होतं. ती त्या दारापाशी उभी होती तेव्हा मी तिच्या डोक्यावर, दोन मजले वर, तिचीच गोष्ट बघत बसलो होतो. हे मला कुठल्याही वाक्यात बसवता येईना. शेवटी मी म्हणालो, "मी गच्चीवर होतो."

तिने माझ्याकडे बघितलं. "दिसली?"

"दिसली."

तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. हनुवटी तळहातावर टेकवली. "सांगा की," ती म्हणाली. "अहो, कशी असते?"

कित्येक महिने मी या एका प्रश्नाची वाट बघत होतो. तो आला तेव्हा, आला नसता तर बरं, असं झालं. मी सांगितलं. पाइपाचं सांगितलं, तारेचं सांगितलं, टाकीच्या चार भिंतींवरच्या उन्हाचं सांगितलं. ती एकेक गोष्ट डोळ्यांसमोर आणत ऐकत होती. मध्ये विचारलं की शेवटची कड कुठल्या बाजूला होती आणि किती वेळ काहीच नव्हतं. मी सांगितलं, दोन-तीन मिनिटं. ती म्हणाली, पुष्कळ झालं की.

मग ती उठली. "बरं झालं," ती म्हणाली, "घरातल्या एकाला तरी दिसली," आणि आमटी गरम करायला आत गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला त्या दिवशी जेवता आलं असतं.